पथक कुणाचे: मंडळीचे की शाळेचे?

रत्नागिरीत स्काऊट म्हटला की शाळाच आठवते. गळ्यात स्कार्फ, हातात काठी, पंधरा ऑगस्टच्या संचलनात पुढे चालणारी मुले आणि बाजूने शिट्टी वाजवत जाणारे सर. वर्षातून एकदा ‘खरी कमाई’: भेळ, कोकम सरबत, पणत्या विकून जमवलेले पैसे. हे सारे शाळेच्या आवारात सुरू होते आणि तिथेच संपते. देवळाचे, मशिदीचे किंवा चर्चचे स्काऊट पथक असू शकते असे इथल्या पालकाला सांगितले, तर तो चमकेल. स्काऊटचा आणि देवधर्माचा संबंध काय, असे विचारील.

संबंध जन्मापासूनचा आहे, आणि जगाच्या बऱ्याच भागात तो अजून तुटलेला नाही. अमेरिकेत अगदी परवापर्यंत दहातली सात पथके कुठल्या ना कुठल्या धार्मिक संस्थेच्या नावावर नोंदलेली होती. इटलीत कॅथलिक स्काऊट आजही धर्मग्रामाच्या आवारात भेटतात. तिथल्या आईबापांना शाळेचे पथक ही कल्पना तितकीच नवलाची वाटेल. मुलांचे पथक आणि उपासना करणारी मंडळी यांचे नाते कसे जमले, कुठे फाटले आणि कोकणात ते शाळेकडे का गेले, हे पाहण्यासारखे आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. पथकाला मोठे माणूस कोण पुरवतो आणि त्या माणसाबद्दल जबाब कोण देतो, यावर हे नाते उभे राहते. हॉल, झेंडा आणि आशीर्वाद देणारे पुष्कळ भेटतात.

सुरुवात ग्लासगोची. तिथल्या नॉर्थ वुडसाइड भागात फ्री चर्चचे एक मिशन होते. विल्यम अलेक्झांडर स्मिथ हा तरुण व्यापारी तिथे रविवारी शब्बाथ शाळा घेई आणि आठवड्यात हौशी सैन्यदलात कवायत करी. शब्बाथ शाळा चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेली अडचण त्याच्यापुढे होती. लहान पोरे गोष्टी ऐकतात, बारा-तेराची झाली की मागच्या बाकावर दंगा करतात आणि पुढे यायचीच बंद होतात. स्मिथने दोन कामांची सांगड घातली. ४ ऑक्टोबर १८८३ रोजी बॉईज ब्रिगेड निघाली. टोपी, पट्टा, कवायत आणि त्यासोबत बायबलचा वर्ग. प्रत्येक तुकडी एखाद्या चर्चशी बांधलेली असलीच पाहिजे, हा नियम पहिल्यापासूनचा.

१९०४ साली ब्रिगेडच्या एकविसाव्या वर्षाचे संचलन ग्लासगोत झाले आणि पाहणीला पुढे स्काऊट चळवळ काढणारे सेनानी बेडन-पॉवेल आले. सैनिकांसाठी लिहिलेले तुमचे टेहळणीचे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा, ही सूचना स्मिथचीच. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९०७मध्ये, ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरले. वीसेक मुले होती. त्यांतली निम्मी बोर्नमथ आणि पूल इथल्या ब्रिगेडच्या तुकड्यांतून आलेली, उरलेली बड्या घरांतली. म्हणजे स्काऊट चळवळ वेगळी झाली ती चर्चच्या अंगाखांद्यावर खेळून झाल्यावर. मूळ बेत तर वेगळी संघटना काढण्याचाही नव्हता. असलेल्या संस्थांनी ही नवी रीत उचलावी, एवढीच अपेक्षा होती.

इथे कोकणातल्या वाचकाने क्षणभर थांबावे. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली पश्चिम भारतातले आपले काम सुरू केले ते मुंबईत नव्हे, बाणकोटला, मग हर्णैला. ज्यांच्या नावाचे कॉलेज गिरगाव चौपाटीसमोर उभे आहे ते जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला उतरले आणि मराठी शिकायला इकडेच आले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली तेव्हा हिंदुस्थानातले हे मिशनरी फ्री चर्चच्या बाजूला गेले. ज्या चर्चच्या एका मिशनमध्ये पुढे ब्रिगेड जन्मली, त्याच्या पूर्वसूरींनी मराठी मुलांच्या शाळा प्रथम सावित्रीच्या मुखाशी आणि हर्णैच्या बंदरावर चालवल्या. पण ब्रिगेड निघाली तोवर त्यांचा कारभार केव्हाच मुंबई-पुण्याला गेला होता. चाळीस-पन्नास वर्षांची चुकामूक झाली. नाहीतर दापोली तालुक्यात ब्रिगेडची एखादी तुकडी दिसली असती आणि हा लेख वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागला असता.

हिंदुस्थानात स्काऊट आले ते छावण्यांच्या वाटेने. १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगलोरला पहिले पथक काढले. पुढच्या दोन वर्षांत खडकी, लोणावळा, जबलपूर, मद्रास, सिमला इथे पथके निघाली. मुलींची, म्हणजे गाईडची, पहिली तुकडी १९११ साली जबलपूरला. ही सगळी गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. खडकीच्या छावणीतला मुलगा रविवारी चर्च परेडला जाई आणि आठवड्यात स्काऊटच्या मैदानावर, त्यामुळे दोन्हींत फरक करण्याचे त्याला कारण नव्हते. देशी मुलांना दार बंद होते म्हणून देशी संघटना निघाल्या. अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेत एक काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची पथके उभी केली. १९२१मध्ये बेडन-पॉवेल आले आणि बेझंटबाईंची संघटना सरकारमान्य संघटनेत विलीन झाली. सेवा समिती बाहेरच राहिली. १९३७च्या भेटीनंतर बेडन-पॉवेल यांची हिंदी माणसाच्या चारित्र्याविषयीची शेरेबाजी गाजली आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स निघाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईडही त्यात आल्या. नागपूरचे न्यायमूर्ती विवियन बोस यांचे नाव या जुळवाजुळवीच्या काळात वारंवार भेटते.

या साऱ्या भांडणात एक गोष्ट ध्यानात येते. वाद राजाशी निष्ठा की देशाशी, यावर होता. देवाशी निष्ठा या कलमावर फारसे कुणी अडून बसले नाही. ब्रिटनला २०१४पासून देवाचा उल्लेख नसलेली पर्यायी प्रतिज्ञा ठेवावी लागली. भारत स्काऊट्सच्या नियमांत ईश्वराऐवजी धर्म म्हणण्याची मुभा आहे आणि त्यावरून कुठे रण माजल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडच्या नेत्यांपुढचा प्रश्न निराळा होता. ब्राह्मणाचा, भंडाऱ्याचा, मुसलमानाचा, महाराचा आणि ख्रिस्ती मुलगा एका तंबूत झोपवायचा होता. देवळात ही सगळी झोपू शकत नव्हती, मशिदीत आणि चर्चमध्येही सगळे आले नसते. सगळी जमू शकतील अशी एकच छपराखालची जागा होती, ती शाळा.

ही गोष्ट खुद्द रत्नागिरीत निराळ्या वाटेने सिद्ध झाली. सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. अस्पृश्यतेविरुद्धच्या त्यांच्या कामाचा एक पहिला आणि चिवट भाग म्हणजे शाळांतून मुलांना सरमिसळ बसवणे. सहभोजने आणि अखिल हिंदू गणेशोत्सव गाजले, पण वर्गातल्या बाकांची लढाई त्याआधीची. भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने बांधलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सगळ्या जातींच्या हिंदूंना खुले झाले तेव्हा मुले शाळेत शेजारी बसू लागलेली होती. (२२ फेब्रुवारी हीच बेडन-पॉवेल यांची जन्मतारीख, जगभरचे स्काऊट-गाईड ती चिंतन दिन म्हणून पाळतात. योगायोग आहे, त्यातून काही काढू नये.) सावरकरांच्या इतर राजकारणाविषयी ज्याचे जे मत असेल ते असो, रत्नागिरीत मोठ्या माणसांच्या उपासनेआधी मुलांचे बाक सुधारले, हा क्रम नोंदवण्याजोगा आहे.

आता इथली ख्रिस्ती मंडळी. स्कॉटिश लोक गेल्यावर कित्येक वर्षांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७३ साली रत्नागिरीत ठाणे केले. मूळ घर कोल्हापूर. मग पन्हाळा, सांगली, मिरज आणि तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात असलेले वेंगुर्ले. वेंगुर्ल्याला मिशनचा दवाखाना होता, आणि तिथल्या गोहीन डॉक्टरांचा १९१९ साली तिथेच जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत. १९२४मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, १९७०मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कॅथलिकांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुण्यापासून वेगळा झाला, रत्नागिरी जिल्हा त्यात येतो. संख्येने या मंडळ्या लहान. वसईत धर्मग्रामाच्या मागे गावेच्या गावे उभी असतात, इथे तसे नाही.

लहान मंडळीचे गणित करून पाहू. स्काऊटचा संघ सहा ते आठ मुलांचा, पथक जास्तीत जास्त बत्तीसचे, वय दहा ते सतरा. समजा मंडळीत पन्नास घरे आहेत. त्या वयाची मुलेमुली मिळून वीस-पंचवीस निघतील. त्यांतले मुलगे दहा-बारा. म्हणजे दीड संघ. स्काऊट वेगळे आणि गाईड वेगळ्या काढायच्या म्हटल्या तर दोन्ही अर्धवट. बरे, मुले मिळाली तरी त्यांना घेऊन डोंगरावर जाणारा पंचविशी-तिशीतला माणूस हवा, आणि कोकणात नेमका तोच नसतो. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि दहा वर्षांत लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर उतरली होती. हे आकडे कुणा एका धर्माचे नाहीत. चाकरमानी मुंबईला, सुरतेला, पुण्याला, आखाताला. पाळकसाहेबांच्या हाताशी राहतात शाळकरी मुले, बाया आणि निवृत्त वडीलधारे. तरुण नाताळात येतात, कॅरल फेरीत पेटी-गिटार वाजवतात आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गाडी पकडतात.

म्हणून या मंडळ्यांनी जे चालवले ते त्यांच्या ताकदीप्रमाणे चालवले: शब्बाथ शाळा, तरुण संघ, उन्हाळी सुट्टीतली बायबल शाळा, कॅथलिकांकडे वेदीसेवक मुले आणि युवा गट. यांत गाठी, नकाशा, प्रथमोपचार यांना थारा कमी, पाठांतर, गाणे आणि नाटुकले जास्त. पण मुलाला नावाने ओळखणारे माणूस तिथे असते. त्याची आजी कधी आजारी पडली तेही त्या माणसाला ठाऊक असते. शाळेच्या पथकातल्या सरांना सत्तर मुलांच्या वर्गानंतर ते जमत नाही, आणि त्यांची बदली झाली की पथकाचे दप्तर कपाटात जाते.

कोकणात श्रद्धेच्या समाजाने पोरांना कामाला लावण्याची खरी जिवंत रीत पाहायची तर शिमग्यात जावे. रत्नागिरीचे ग्रामदैवत म्हणजे बारा वाड्यांचा भैरी. पालखी सहाणेवर बसते, मग वाडीवाडीत, घराघरांत जाते. कुठल्या वाडीने कधी खांदा द्यायचा, मान कुणाचा, ढोल कुणाचा, हे ठरलेले. पालखी नाचवणे म्हणजे गंमत नव्हे. चांदीच्या रूप्यांसकट ते ओझे खांद्यावर घेऊन तालात उडवायचे, शेजारच्याचा पाय आणि आपला पाय एका वेळी पडला पाहिजे. होळीसाठी झाड तोडून आणणे, ते उभे करणे, दोर लावून तोलणे. पंधरा-सोळा वर्षांचा पोर हे मोठ्यांच्या मधे उभा राहून शिकतो. बेडन-पॉवेल यांनी ही पालखी पाहिली असती तर पुस्तकात एक प्रकरण वाढवले असते.

आणि इथे मोठ्या माणसाचा प्रश्न सुटलेला आहे. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येतोच, रजा मिळाली नाही तर नोकरी सोडून आल्याच्या कथा कोकणात कमी नाहीत. गावच्या मुंबई मंडळाची वर्गणी ठरलेली. पण या रीतीचे दोन दोष झाकून चालणार नाही. एक, ती वर्षातले थोडे दिवस जागी असते, उरलेल्या काळात त्या पोराकडे कुणी बघत नाही. दोन, खांदा मुलग्यांचा. मान घराण्याचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी जातीचाही. मुलगी दारात उभी राहून ओटी भरते. बंध जितका घट्ट तितकी कुंपणे उंच, याचा हा घरचा दाखला. चर्चच्या पथकाला हाच धोका वेगळ्या रूपात असतो: तिथे कुंपण बाप्तिस्म्याचे.

त्या कुंपणाचा विचार दापोलीकडच्याच एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. नारायण वामन टिळक करजगावचे, जन्म १८६१. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत ओळख होते ते हे. १८९५मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, पुढे बरीच वर्षे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढली. याच मिशनचे ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक, टिळक त्याच्या संपादनात होते. ख्रिस्ती मंडळीने सगळ्या मराठी मुलांसाठी काही करावे याचा हा चांगला नमुना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनी एकत्र बसावे, ही त्यामागची कल्पना. मे १९१९मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण मंडळीच्या आश्रयाने चालणारे आणि मंडळीपुरते नसलेले काही उभे करता येईल का, हा त्यांचा प्रश्न चर्चच्या हॉलमध्ये मुलांचे पथक काढणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. शेजारच्या मोहल्ल्यातला मुलगा पथकात आला तर त्याला प्रार्थनेत उभे करायचे का? इंग्लंडमध्ये महिन्याच्या चर्च परेडवरून नेमका हाच खटका उडत आला आहे. बेडन-पॉवेल यांनी तोड म्हणून मुलांनी स्वतः चालवायची, पंथ नसलेली साधी प्रार्थनासभा सुचवली. आपल्या शिबिरांतली सर्वधर्म प्रार्थना तिच्या नात्यातली, फक्त पाठांतराने बोथट झालेली.

पथक मंडळीचे असेल तर त्याची किंमत काय असू शकते, हे अमेरिकेने दाखवले. तिथली पद्धत सनदेची. चर्च दर वर्षी सनद घेते, पथक कागदोपत्री चर्चचे होते, पथकाचे प्रमुख नेमायला मंजुरी चर्चची. मॉर्मन पंथाने १९१३मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि इतकी अंगी लावली की त्यांचा मुलगा ठरावीक वयाचा झाला की स्काऊट होई, आणि स्काऊटमास्तर कोण हे तिथला बिशप ठरवी. मेथडिस्ट चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी याच्या उलट चाले: चर्च सही करी, तळघरातली खोली देई, आणि मग पथकात काय चालले आहे हे पाळकाला वर्षभर ठाऊक नसे.

दोन्ही वाटा एकाच दशकात बंद झाल्या. मुलांबाबत २०१३मध्ये आणि प्रौढ प्रमुखांबाबत २०१५मध्ये अमेरिकेतल्या स्काऊट संघटनेने समलिंगी व्यक्तींवरची बंदी उठवली. मॉर्मन चर्चला जगभर स्वतःचा कार्यक्रम हवा होता, तेही कारण होते. ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी नाते संपवले. एका रात्रीत चार लाखांहून अधिक मुले गेली. करोनाची भर पडून सदस्यसंख्या २०१९मधल्या १९.७ लाखांवरून पुढच्या वर्षी ११.२ लाखांवर आली. त्यातच फेब्रुवारी २०२०मध्ये लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे संघटनेने दिवाळखोरी जाहीर केली. ८२ हजारांहून अधिक लोकांनी दावे दाखल केले, कित्येकांच्या आयुष्यातली चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तडजोड २४६ कोटी डॉलरची ठरली. आणि तेव्हा तळघराची किल्ली देणाऱ्या चर्चना कळले की सनदेवरच्या सहीने त्यांनाही जबाबदार धरता येते. मेथडिस्टांनी ३ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि आपल्या स्थानिक चर्चना सल्ला दिला: सनद घेऊ नका, संलग्नतेचा वेगळा करार करा, त्यात कोणाची जबाबदारी काय ते लिहा. संघटनेने २०२५मध्ये नावही बदलले, आता ती ‘स्काऊटिंग अमेरिका’ आहे.

या प्रकरणातून चर्चने मुलांपासून लांबच राहावे असा अर्थ काढणारे आहेत. मला तो पटत नाही. मॉर्मनांनी माणूस दिला होता, मेथडिस्टांनी बहुतेक ठिकाणी खोली दिली होती. मात्र अत्याचाराच्या तक्रारी दोघांच्याही पथकांतून आल्या, हे खरे. माणूस देणे पुरत नाही, त्याच्यावर नजरही ठेवावी लागते. पण नजर ठेवणार कोण, तर जो मुलाला ओळखतो तो. हॉलचे भाडे घेणारा ती ठेवत नाही.

नाते पक्के असले तर काय सोसते, त्यासाठी इटलीचे उदाहरण पुरे. मुसोलिनीच्या सरकारने १९२७-२८मध्ये कॅथलिक स्काऊट बंद केले. मुलांनी ‘बालिल्ला’ या सरकारी मुलांच्या संघटनेतच जायचे. मिलान आणि मोंझाची काही पथके लपून चालत राहिली. त्यांनी स्वतःला ‘भटके गरुड’ म्हणवले, पाद्र्यांनी आसरा दिला, आणि जर्मन ताब्याच्या काळात त्यांच्यातल्यांनी दोन हजारांहून अधिक लोकांना स्वित्झर्लंडच्या सीमेपार पोचवले. याच कॅथलिक चर्चमधल्या बऱ्याच जणांना आधी स्काऊट हे प्रॉटेस्टंटांचे थेर वाटे. जाक सेवाँ या फ्रेंच जेसुइटाने १९२०मध्ये स्काऊट द फ्रान्स उभी करेपर्यंत शंका पुरत्या फिटल्या नव्हत्या. इटलीतले ते लपून चाललेले पथक शाळेचे असते तर हुकमासरशी दुसऱ्या दिवशी मिटले असते. कारण शाळा सरकारची, मुख्याध्यापक सरकारचा.

आपल्या शाळांतल्या पथकांविषयी बोलताना मात्र कृतघ्न होऊ नये. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार अशी पायरी गरिबातल्या गरीब पोराला चढता येते ती शाळेमुळे. गुहागरच्या किंवा लांज्याच्या खेड्यातली मुलगी गाईड होऊन राज्याच्या मेळाव्याला जाते, घरचे तिला एरवी शेजारच्या तालुक्यातही एकटी पाठवणार नाहीत. सगळ्या जातिधर्मांची मुले एका शेकोटीभोवती बसतात. ही कमाई मोठी आहे आणि ती कुठल्याही मंडळीला जमली नसती. अडचण अशी की शाळेत गेल्यावर पथक तासिका झाले. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते, त्यामुळे प्रमाणपत्राला भाव आहे आणि मैदानाला कमी. एका शिक्षकाच्या माथी निवडणूक, पोषण आहार, सर्वेक्षण आणि वर स्काऊट. दहावी झाली की संपले. सोळा ते पंचवीसच्या रोव्हर-रेंजर वयात, जेव्हा पोराला खरोखर कुणाची तरी गरज असते, तेव्हा शाळा मागे पडलेली असते आणि मुंबईची गाडी समोर उभी असते.

मिशनच्या शाळेत पथक असले म्हणजे ते चर्चचे झाले, असा एक सोयीचा समज मंडळ्यांत असतो. तो टिकत नाही. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, हे घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात आहे. म्हणजे मिशन शाळेचे पथक हे शाळेचेच. मंडळीला स्वतःचे हवे असेल तर शाळेबाहेरचे खुले पथक काढावे लागेल. भारत स्काऊट्सच्या रचनेत त्याला जागा आहे.

रत्नागिरीतल्या एखाद्या मंडळीने असे पथक काढायचे ठरवले तर? दीड संघाचे गणित आडवे येणारच. त्यावर माझ्या मते एकच उपाय: पथक सुरुवातीपासून शेजाऱ्यांच्या मुलांसाठीही उघडे ठेवावे. मिरकरवाड्याच्या खलाशाचा मुलगा आला तर क्लोव्ह हिचची गाठ तोच इतरांना शिकवील, सरांची गरज पडणार नाही. बायबलचा वर्ग वेगळ्या दिवशी, ज्याला यायचे त्याने यावे. पथक हे माणसे बाप्तिस्म्याकडे वळवण्याचे आडवळण आहे अशी शंका मोहल्ल्यात किंवा वाडीत एकदा शिरली की संपले, आणि आजच्या हवेत ती शिरायला वेळ लागत नाही. त्यामुळे पालकांची सभा पहिल्या महिन्यातच घ्यावी, आणि ती चर्चच्या दारात नव्हे, एखाद्या पालकाच्या अंगणात. तरुण मुंबईला असतील तर निवृत्त शिक्षिका, नर्स, बंदरावरचे जुने तांडेल यांना विचारावे. डोंगर चढणारा नाही मिळाला तर खाडीकिनारी चालणारा चालेल.

आणि कायदा वाचावा. २०१२च्या पोक्सो कायद्यात शिक्षणसंस्था आणि धर्मसंस्था यांना एकाच ओळीत बसवले आहे. तिथल्या माणसाने तिथल्याच मुलावर अत्याचार केला तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो, आणि माहीत असूनही कळवले नाही तर गप्प बसणाराही गुन्हेगार ठरतो. मंडळीच्या समितीत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, आपल्यातलीच माणसे आहेत, कशाला कागद. अमेरिकेतल्या चर्चमधूनही हेच म्हटले जात असणार. दर शनिवारी चार वाजता हॉलचे कुलूप कोण उघडणार, त्याच्यासोबत दुसरे मोठे माणूस कोण असणार आणि मुलाने तक्रार केली तर ती पोलिसांकडे कोण नेणार, ही तीन नावे समितीच्या वहीत लिहिली गेली की पथकाच्या नोंदणीचा अर्ज भरायला घ्यावा.